पऱ्हाटीतला जिवाणू आणि शेंदरी बोंडअळी

बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, हा काडीच्या आकाराचा जिवाणू मातीत, झाडांच्या पानांवर, धान्याच्या कोठारातल्या धुळीत आणि मेलेल्या किड्यांच्या शरीरात सापडतो. अन्न संपत आले की तो बीजाणूचे रूप घेऊन पडून राहतो. त्याच्या जवळच्या जातीही हेच करतात. पण हा जिवाणू त्याच वेळी आणखी एक काम उरकतो. बीजाणूच्या शेजारी, त्याच पेशीत, तो प्रथिनाचा एक स्फटिक घडवतो. अळीने पानाबरोबर हा स्फटिक खाल्ला की ती मरते आणि तिच्या कलेवरात बीजाणू रुजतो. या प्रथिनाचे जनुक कापसाच्या झाडात उतरवले गेले, त्याला आता दोन दशके उलटून गेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पऱ्हाटीत ते आज जवळपास सर्वत्र आहे. रोगकारक आणि यजमान यांच्या झटापटीतली एक बाजू उचलून पिकात कायमची बसवली, तर दुसरी बाजू गप्प बसते का, या प्रश्नाचे उत्तर वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी या भागांतल्या बोंडांनी दिले आहे.

जिवाणूचा शोध कापसाच्या संदर्भात लागला नाही. १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांनी रेशमाच्या किड्यांना अचानक मारणाऱ्या रोगातून तो वेगळा केला. म्हणजे पहिल्या भेटीत तो शत्रू होता. १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतातून आलेल्या पिठाच्या पतंगाच्या अळ्यांत अर्न्स्ट बर्लिनर यांना तो पुन्हा दिसला आणि १९१५ मध्ये त्यांनी त्याला प्रांतावरून नाव दिले. १९३८ पर्यंत फ्रान्समध्ये त्याची भुकटी कीटकनाशक म्हणून विकली जाऊ लागली होती. मारणारी वस्तू बीजाणू नसून शेजारचा स्फटिक आहे, हे मात्र १९५० च्या दशकात हॅने आणि अँगस यांच्या कामातून स्पष्ट झाले. १९७६ मध्ये इस्राएलमधल्या नेगेव वाळवंटात डासांच्या अळ्यांना मारणारा त्याचा एक प्रकार मिळाला. १९८१ मध्ये श्नेफ आणि व्हाइटली यांनी स्फटिकाच्या प्रथिनाचे जनुक पहिल्यांदा दुसऱ्या जिवाणूत उतरवून दाखवले. पिकात जनुक घालण्याचा रस्ता तिथून उघडला.

या जिवाणूचे कुळ जरा धास्ती वाटावी असे आहे. शिळ्या भातातून पोट बिघडवणारा बॅसिलस सेरेअस आणि जनावरांना काळपुळी देणारा बॅसिलस अँथ्रासिस हे त्याचे सख्खे भाऊ. तिघांच्या मुख्य गुणसूत्रांत फारसा फरक नाही. फरक आहे तो प्लाझ्मिडांत, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेर असलेल्या डीएनएच्या छोट्या गोल कड्यांत. काळपुळीचे विष अँथ्रासिसच्या प्लाझ्मिडांवर असते, तर अळीमारक ‘क्राय’ प्रथिनांची जनुके थुरिंजिएन्सिसच्या प्लाझ्मिडांवर. प्लाझ्मिड गळून पडले तर जिवाणू जगतो, पण अळीला मारण्याची त्याची ताकद जाते. शस्त्र बाळगायला ऊर्जा लागते. ते बाळगावे की टाकावे हे समोर कोण आहे यावर ठरते. हा मुद्दा पुढे कापसाच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो.

स्फटिक अळीच्या आतड्यात काय करतो, याचा तपशील बराच उलगडला आहे. पतंगवर्गातल्या अळ्यांच्या आतड्याचा मधला भाग तीव्र अल्कधर्मी असतो. माणसाच्या जठरात आम्ल असते, अळीच्या आतड्यात त्याच्या नेमके उलट. या अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो आणि अळीचीच पाचक विकरे लांब प्रथिन कापून त्यातला क्रियाशील तुकडा मोकळा करतात. हा तुकडा आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना, म्हणजे ग्राहींना, चिकटतो. क्राय-१-एसी या प्रथिनासाठी कॅडहेरिन हा महत्त्वाचा ग्राही आहे. चिकटलेले तुकडे एकत्र येऊन पेशीच्या आवरणाला भोके पाडतात, पेशी फुगतात आणि फुटतात. अळी खाणे थांबवते. कुलूप नसेल तर किल्ली निरुपयोगी, इतकी ही क्रिया नेमकी आहे. म्हणूनच मधमाशी, गाय किंवा माणूस यांना या प्रथिनांपासून तसा धोका नाही, आणि म्हणूनच अळीने कुलूप बदलले की सगळा डाव उलटतो.

आतडे फुटल्यावर अळी नेमकी कशाने मरते, यावर मात्र संशोधकांत चांगलाच वाद झाला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉडरिक, राफा आणि हँडल्समन यांनी जिप्सी पतंगाच्या अळ्यांना प्रतिजैविके खाऊ घालून त्यांच्या आतड्यातले जिवाणू काढून टाकले. अशा अळ्या बीटीने मरेनाशा झाल्या. आतड्यातला एक जिवाणू परत दिल्यावर पुन्हा मरू लागल्या. निष्कर्ष असा की बीटी फक्त दार फोडतो, मारतात ते घरचेच जिवाणू. २००९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तंबाखूवरच्या अळीवर आणि कोबीवरच्या अळीवर प्रयोग केले, तेव्हा चित्र वेगळे निघाले. बीटीला आतड्यातल्या जिवाणूंची गरज पडत नव्हती. आधीच्या प्रयोगात अळीच्या अंगात उरलेली प्रतिजैविकेच बीटीला मारत असावीत, अशी शंका पुढे आली. आज सर्वसाधारण मत असे की अळीची जात, बीटीचा प्रकार आणि मात्रा यांनुसार आतड्यातल्या जिवाणूंचा वाटा कमी-जास्त होतो. एका किड्यावरचा निष्कर्ष सगळ्या किड्यांना लावण्याचा मोह टाळला असता तर हा वाद अर्ध्यावर मिटला असता.

अळीच्या शरीरात विषाणूही असतात, आणि त्यांचे वागणे एकसारखे नसते. हिरव्या बोंडअळीला, म्हणजे हेलिकोव्हर्पाला, मारणारा एनपीव्ही हा विषाणू विदर्भातल्या शेतकऱ्यांना तूर-हरभऱ्यावरच्या फवाऱ्यामुळे ‘एचएएनपीव्ही’ या नावाने माहीत आहे. त्याचे कण प्रथिनाच्या बहुकोनी डब्यांत बंद असतात, आणि हे डबेही अळीच्या अल्कधर्मी आतड्यातच उघडतात. दोन अगदी वेगळ्या रोगकारकांनी एकाच आतड्याचा तोच कच्चा दुवा शोधून काढला, ही जीवशास्त्रातली लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. विषाणू लागलेली अळी मरण्याआधी झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि तिथे लोंबकळून फुटते. विषाणूचा पाऊस खालच्या पानांवर पडतो. जिप्सी पतंगाच्या अशाच विषाणूत या चढण्यामागे विषाणूचे एक विशिष्ट जनुक असल्याचे २०११ मध्ये दाखवले गेले. अळीच्या वागण्याचा ताबा विषाणूच्या हाती जातो, याचा हा ठोस पुरावा होता.

याच हिरव्या अळीत चीनमधल्या संशोधकांना आणखी एक विषाणू सापडला, तो डेन्सोव्हायरस गटातला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामानुसार हा विषाणू असलेल्या अळ्या जास्त वेगाने वाढतात, पतंग जास्त अंडी घालतात, आणि अळ्या एनपीव्हीला तसेच बीटीच्या कमी मात्रेलाही जास्त दाद देत नाहीत. रोग न देता यजमानाला दुसऱ्या रोगकारकांपासून वाचवणारा विषाणू ही कल्पना पूर्वी विचित्र वाटली असती. शेतात बीटीचा परिणाम मोजताना अळीबरोबर तिच्यातले पाहुणेही मोजले पाहिजेत, असा या कामाचा अर्थ होतो. भारतातल्या तपासण्यांत ही बाब अजून नेहमीची झालेली नाही.

कापसात बीटीचे जनुक आणले गेले ते प्रामुख्याने हिरव्या अळीसाठी. १९९० च्या दशकात ती बहुतेक कीटकनाशकांना पुरून उरली होती आणि विदर्भातल्या कापूसउत्पादकांचे कंबरडे मोडले होते. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने क्राय-१-एसी असलेल्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. २००६ मध्ये क्राय-१-एसीच्या जोडीला क्राय-२-एबी असलेले बोलगार्ड-२ आले. हिरवी अळी खरोखरच आटोक्यात आली. काही वर्षे फवारण्या घटल्या, उत्पादन वाढले, आणि यवतमाळमधली देशी व सरळ वाणांची पेर जवळपास संपली. या यशाला नाकारण्याचे कारण नाही. पण यशाचा हिशेब हिरव्या अळीवर झाला आणि तडाखा दुसऱ्याच अळीकडून आला.

शेंदरी बोंडअळी, शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, ही भारतात जुनीच ओळखीची. भडोचच्या कापसावर १८४२ मध्ये मिळालेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये तिचे पहिले वर्णन केले. मादी पतंग रात्री पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. फुलात शिरलेली अळी पाकळ्या आतून जाळ्याने बांधते. असे न उमललेले फूल म्हणजे डोमकळी. पीक फुलोऱ्यात असताना शेतात डोमकळ्या दिसू लागल्या की अनुभवी शेतकऱ्याच्या कपाळावर आठी चढते. बोंडात शिरताना अळीने केलेले बारीक छिद्र मागून बुजते, त्यामुळे बोंड बाहेरून धडधाकट दिसते. आत ती सरकी खाते. बोंड फुटल्यावर कापूस नीट उमलत नाही, रंग जातो, धागा आखूड आणि कमकुवत राहतो. अशा कवडी कापसाला बाजारात कोण विचारतो?

या अळीची दोन वैशिष्ट्ये बीटीच्या दृष्टीने निर्णायक आहेत. पहिले म्हणजे ती जवळजवळ फक्त कापसावर जगते. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो, मका असे काहीही खाते. यवतमाळमध्ये कापसाच्या ओळींत तुरीच्या ओळी घालण्याची जुनी रीत आहे. त्या तुरीवर बीटीच्या संपर्कात न आलेल्या हिरव्या अळ्या वाढतात आणि बीटीला दाद न देणाऱ्या, म्हणजे प्रतिकारक, पतंगांशी त्यांचा संकर होत राहतो. हिरवी अळी बऱ्याच अंशी बीटीला अजून बळी पडते, यामागे हे एक मोठे कारण आहे. शेंदरी अळीसाठी तुरीचा काही उपयोग नाही. तूर हे आश्रयपीक म्हणून चालते, हा समज हिरव्या अळीपुरताच खरा. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ती बोंडाच्या आत सरकी खाते, आणि नेमकी तिथेच भारतीय बीटी संकरित वाणांची कच्ची बाजू आहे.

भारतात बीटी कापूस जवळजवळ पूर्णपणे संकरित बियाण्यातून पेरला जातो. अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत सरळ वाण असतात आणि त्यांत बीटी जनुकाच्या दोन्ही प्रती असतात. संकरित झाडात मात्र प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत असते. झाडाची पाने, पाती, बोंडाची साल यांत प्रथिन असते. पण बोंडातली प्रत्येक सरकी ही पुढच्या पिढीची असते आणि तिच्यात जनुकांची विभागणी होते. बोलगार्ड-२ च्या एका बोंडातल्या सोळा सरक्या धरल्या, तर गणिताने नऊंत दोन्ही प्रथिने असतील, तीनांत फक्त क्राय-१-एसी, तीनांत फक्त क्राय-२-एबी, आणि एकीत काहीच नसेल. अळीला एकाच बोंडात विषारी, अर्धविषारी आणि निर्विष घास मिळतात. अशा परिस्थितीत पूर्ण प्रतिकारक नसलेली अळीही जगते, आणि प्रतिकाराकडे नेणारी पायरी तिच्या पुढच्या पिढीला चढायला सोपी जाते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी हा मुद्दा सातत्याने मांडला. त्यांचे म्हणणे त्या काळात फारसे कोणी मनावर घेतले नाही.

प्रतिकार वाढण्याचे नियम शाळेतल्या मेंडेलच्या वाटाण्याइतके सोपे आहेत. प्रतिकार देणारे जनुकाचे रूप बहुधा अप्रभावी असते. दोन प्रतिकारक पतंगांची पिल्लेच बीटी कापसावर तगतात. प्रतिकारक आणि संवेदनशील पतंगांच्या संकरातली पिल्ले, विषाची मात्रा पुरेशी असेल तर, मरतात. म्हणून बीटीच्या शेजारी साध्या कापसाचा पट्टा हवा, ज्यात संवेदनशील पतंग वाढतील. याच हेतूने ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याचे वेगळे पाकीट दिले जात होते. नियम होता शेताभोवती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांतले जास्त असेल ते. प्रत्यक्षात हे पाकीट बांधावर पडले, नांग्या भरायला वापरले गेले किंवा गोठ्यात राहिले. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण स्वतःच्या दोन एकरांतला पाचवा भाग अळीला सोडून द्यावा, हा सल्ला त्याला कोणीही नीट समजावला नव्हता. पुढे साधे बियाणे बीटी बियाण्यातच मिसळून देण्याची पद्धत आली, पण तोवर अळीने बाजी मारली होती.

गुजरातमधल्या अमरेली भागात २००८ मध्ये क्राय-१-एसीवर जगणाऱ्या शेंदरी अळ्या मिळाल्या आणि २०१० मध्ये ही बाब जाहीर झाली. नंतर बोलगार्ड-२ वरही अळ्या दिसू लागल्या. नागपूरच्या संस्थेने देशभरातल्या कापूस जिल्ह्यांतून अळ्या गोळा करून केलेल्या तपासणीत २०१३ ते २०१७ या काळात दोन्ही प्रथिनांची मारक मात्रा अनेक पटींनी वाढलेली आढळली. २०१८ मध्ये व्ही. चिन्नाबाबू नाईक आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले. अळीने कुलूप कसे बदलले, हेही कळले आहे. २०१४ मध्ये फॅब्रिक आणि सहकाऱ्यांनी भारतीय अळ्यांत कॅडहेरिनच्या जनुकाची मोडकी रूपे दाखवली. त्यांतली अनेक रूपे जनुकाच्या संदेशाची जोडणी चुकल्यामुळे तयार झालेली होती, आणि ती अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत मिळालेल्या रूपांपेक्षा वेगळी होती. २०१८ मध्ये क्राय-२-एबीच्या प्रतिकाराचा संबंध एबीसीए-२ या वाहक प्रथिनाच्या बिघाडाशी जोडला गेला. दोन वेगळी कुलपे असताना अळीने दोन्ही बदलली, आणि तीही एका दशकाच्या आत.

यवतमाळमध्ये हे सगळे २०१७ च्या हंगामात एकदम उघडे पडले. त्या वर्षी पीक उंच आणि दाट वाढले होते, हवेत दमटपणा होता आणि रसशोषक किडींबरोबर बोंडअळीचीही धास्ती होती. ऑगस्टपासून शेतकरी आणि शेतमजूर डोक्याइतक्या उंच पऱ्हाटीत शिरून दोन-तीन कीटकनाशकांची मिश्रणे पाठीवरच्या पंपांनी फवारत होते. जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण मरण पावले आणि शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व इतरत्र दाखल करावे लागले. हे मृत्यू एकट्या शेंदरी अळीच्या माथी मारता येत नाहीत. असुरक्षित फवारणी, नको ती मिश्रणे आणि कीटकनाशकांच्या दुकानातल्या सल्ल्याचाही त्यात वाटा होता. पण बीटीचे मुख्य वचन फवारणी कमी करण्याचे होते, आणि ते मोडल्याचा पुरावा त्या वॉर्डांत होता. हंगामाच्या शेवटी तर बोंडे उघडली तेव्हा अनेक शेतांत निम्म्याहून जास्त कापूस वेचण्याजोगा राहिला नव्हता.

हीच अळी, हीच प्रथिने, पण वेगळा निकाल, अशी उदाहरणे जगात आहेत. अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९९६ मध्ये बीटी कापूस आला. तिथे सुरुवातीला साध्या कापसाचा पट्टा खरोखर पाळला गेला. २००६ पासून विमानातून निर्बीज केलेले शेंदरी पतंग शेतांवर सोडण्यात आले, कामगंधाचे सापळे आणि वेळेवर पीक काढणे यांची जोड दिली गेली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. चीनच्या यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित बीटी कापसाची दुसरी पिढी पेरली. तिच्यात आपोआप पाव झाडे बीटीविरहित निघतात. तीच संवेदनशील पतंगांची नैसर्गिक नर्सरी ठरली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथला प्रतिकार वाढण्याऐवजी मागे हटलेला दिसला. बोंडातल्या बोंडात मिसळलेली सरकी आणि शेतात वेगळी उभी असलेली झाडे यांतला फरक इथे समजतो: अळीला संपूर्ण झाड बीटीविरहित मिळाले तरच संवेदनशील पतंग मोठ्या संख्येने तयार होतात.

या सगळ्यामागचे सूक्ष्मजीवशास्त्र जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या शुलेनबर्ग यांच्या गटाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. त्यांनी बीटी आणि त्याला बळी पडणारा एक सूक्ष्म कृमी यांना प्रयोगशाळेत पिढ्यानुपिढ्या एकत्र वाढवले. एका गटात दोघांनाही बदलायची मुभा होती, दुसऱ्यात कृमीला बदलू दिले जात नव्हते, तिसऱ्यात कृमीच नव्हता. दोघेही बदलू शकत होते तिथेच बीटीची मारकता टिकली; अशा जिवाणूंत विषाची जनुके असलेल्या प्लाझ्मिडच्या प्रती वाढलेल्या दिसल्या. यजमान बदलत नव्हता तिथे मारकतेला तसा फायदा उरला नाही. कापसाच्या शेतातली परिस्थिती याच्या उलट बाजूने बघावी लागते. तिथे बदलण्याची मुभा फक्त अळीला आहे. झाडातले जनुक बियाणे कंपनीने बसवले त्या दिवशी गोठले. जिवाणू मातीत मोकळा असता तर तो अळीच्या मागोमाग बदलला असता. पिकातली त्याची प्रत तसे करू शकत नाही.

ही गोठलेली बाजू पुन्हा हलवता येईल का, याचा एक मार्ग विषाणूंमधूनच निघाला. जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंना फाज म्हणतात. २०१६ मध्ये हार्वर्डमधल्या डेव्हिड लिऊ यांच्या गटाने एका फाजमध्ये क्राय-१-एसीचे जनुक घातले आणि विषाचे प्रथिन एका नव्या ग्राहीला जितके घट्ट चिकटेल तितकीच फाजची पैदास होईल अशी रचना केली. हा ग्राही कोबीवरच्या ट्रायकोप्लुसिया या अळीतल्या कॅडहेरिनवरून घेतलेला होता, आणि मूळ विष त्याला चिकटत नव्हते. काही आठवड्यांत शेकडो पिढ्या उलटल्या आणि नव्या ग्राहीला चिकटणारी विषे तयार झाली. बीटीला दाद न देणाऱ्या अळ्याही त्यांनी मारल्या. अळी जे शेतात काही वर्षांत करते, ते प्रयोगशाळेत विषाच्या बाजूने काही आठवड्यांत घडले. पण अळीच्या मागे असे सतत धावायचे तर नवे प्रथिन, त्याची सुरक्षितता, परवाना, नवे बियाणे या साखळीला वर्षे लागतात. अळीची पिढी साधारण महिन्याभरात होते. बोलगार्ड-३ सारखी तीन प्रथिनांची वाणे परदेशात आली असली तरी भारतात लागवडीसाठी आलेली नाहीत.

यवतमाळच्या कापसात बाकीचे सूक्ष्मजीवही आहेत. नागपूरच्या संस्थेने २०२० मध्ये पँटोइया डिस्पर्सा या जिवाणूमुळे होणारी आतील बोंडसड भारतात पहिल्यांदा नोंदवली. बाहेरून बोंड हिरवे, आत रुई पिवळी-तपकिरी आणि सडलेली. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ही सड अनेकदा बोंडअळी समजून फवारली जाते. टोबॅको स्ट्रीक विषाणू गाजर गवताच्या परागकणांतून फुलकिड्यांबरोबर कापसावर येऊ शकतो, म्हणून बांधावरचे गाजर गवत हा केवळ खाज सुटण्याचा प्रश्न नाही. बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या ट्रायकोग्रामा या परोपजीवी माशीच्या काही जातींत वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो. त्याच्यामुळे मादी नराशिवाय मादीच जन्माला घालते. प्रतिजैविके दिल्यावर नर पुन्हा दिसू लागतात, हे स्टाउटहॅमर यांनी १९९० मध्ये दाखवले. शेंदरी अळीसाठी कापसात लावल्या जाणाऱ्या ट्रायकोग्रामाच्या कार्डांसाठी तिची पैदास करणाऱ्या प्रयोगशाळांना हे माहीत असणे कामाचे आहे.

शेंदरी अळीला आज आवरता येते ते तिच्या जीवनक्रमातल्या फटीतून. कापूस संपला की तिला खायला काही उरत नाही. संरक्षित पाणी असलेल्या शेतात फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभे ठेवलेले पीक, राखली, किंवा पऱ्हाटीचे ढीग आणि जिनिंगमधली किडकी सरकी जूनपर्यंत पडून राहिली, की अळीला पुढच्या हंगामाचा पूल मिळतो. पावसाआधी धूळपेर केलेल्या कापसाला लवकर फुले लागतात आणि पहिल्या पतंगांना तिथेच आसरा मिळतो; म्हणून महाराष्ट्र शासनाने काही वर्षे बियाणे १ जूननंतरच विकण्याचे बंधन घातले होते. कामगंध सापळे हेक्टरी पाच लावावेत आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले तरच उपाय सुरू करावा, ही शिफारस फवारणीचा फुकट खर्च आणि धोका दोन्ही वाचवते. मादीच्या गंधाचे रसायन १९७३ मध्ये ओळखले गेले, आणि आता त्याच गंधाने भरलेल्या दोऱ्या झाडांना बांधून नराला मादी सापडू न देण्याची पद्धतही वापरात आली आहे. मात्र ती एकट्या शेतकऱ्याने दोन एकरांत करून उपयोग नाही, शिवार एकत्र यावे लागते.

जनुकाच्या बाजूने नवे काही हाती येईपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक शिवाराने डिसेंबरअखेर शेवटची वेचणी संपवावी, जनावरे आणि शेळ्या-मेंढ्या शेतात सोडून त्यांना हिरवी बोंडे खाऊ घालावीत आणि पऱ्हाटी उपटून तिचे तुकडे करावेत. फरदडीतून मिळणारे दोन-तीन क्विंटल पुढच्या हंगामात त्याच गावाच्या बोंडांतून वसूल होतात. कृषी विभागानेही प्रत्येक तालुक्यातल्या सापळ्यांची पतंगसंख्या दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी.